फ्लो मोठा झाला की आकडे का चुकतात? – ग्राहकांसाठी माहिती

लॅबव्ह्यू किंवा नोड-रेडमध्ये ओळीओळीने कोड लिहिण्याऐवजी ब्लॉक वायरने जोडून प्रोग्राम बनवतात; त्यालाच इथे फ्लो म्हटलं आहे. वीस-पंचवीस ब्लॉकचा फ्लो असतो तोवर सगळं सुरळीत चालतं. ब्लॉक ओढायचा, वायर जोडायची, रन करायचं. पुढे मशिन वाढतात, सेन्सर वाढतात आणि एक दिवस आकडे चुकायला लागतात, तेही रोज नाही, अधूनमधून. "आम्ही तर काहीच बदललं नाही हो," असं ग्राहक सांगतात. बहुतेक वेळा ते खरंच असतं.

जोडलेल्या वायरचा सहसा दोष नसतो. वायर असली की क्रम ठरतो: डेटा पोचल्याशिवाय पुढचा ब्लॉक चालत नाही. भानगड करतं ते वायर टाळायला वापरलेलं ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामच्या कुठल्याही भागाला वाचता-लिहिता येणारी सामाईक जागा. समजा, लॅबव्ह्यूमध्ये दोन लूप (पुन्हापुन्हा चालणारे भाग) नग मोजणाऱ्या एकाच काउंटरमध्ये एकेक मिळवताहेत. काउंटर 10 वर आहे. पहिल्याने 10 वाचले; त्याने 11 लिहायच्या आत दुसऱ्यानेही 10 च वाचले. दोघांनी 11 लिहिले. हवे होते 12. एक नग हिशेबातून गेला, आणि एरर काही आली नाही. चाचणीत हे महिनोन्महिने दिसणार नाही, लोड वाढला की दिसेल. आम्ही असा काउंटर एकाच लूपच्या ताब्यात देतो. बाकीच्यांनी क्यूमधून (संदेशांच्या रांगेतून) त्याला कळवायचं.

लॅबव्ह्यू 1986 चं, नोड-रेड 2013 चं, पण दुखणं तेच. नोड-रेडमध्ये अशा सामाईक जागेचं नाव कॉन्टेक्स्ट. वेगळं सेटिंग केलं नसेल तर तो फक्त मेमरीत राहतो. रीस्टार्ट झालं की कोरा. शिवाय सगळे फ्लो एकाच थ्रेडवर चालतात, म्हणजे एका वेळी एकच काम होतं, त्यामुळे एका फंक्शन नोडमधली (ज्यात आपण कोड लिहितो त्या ब्लॉकमधली) लांबलचक आकडेमोड बाकीच्यांना ताटकळत ठेवते.

बदलांची नोंद ठेवणं हाही एक ताप. नोड-रेड फ्लो ज्या जेसन (मजकुराच्या) फाइलमध्ये ठेवतं, तिच्यात नोडची, म्हणजे ब्लॉकची, जागाही लिहिलेली असते. नोड नुसता सरकवला तरी गिट (बदलांची नोंद ठेवणारं साधन) बदल दाखवतं. लॅबव्ह्यूची प्रोग्राम फाइल, म्हणजे व्हीआय, तर बायनरी; ती मजकुरासारखी वाचता येत नाही. एका व्हीआयवर एका वेळी एकानेच काम करायचं, हा आमचा नियम जुनाट वाटेल, पण दोघांचे बदल एकत्र (मर्ज) करण्याची डोकेदुखी आम्ही पुरेशी भोगली आहे.

(सगळा पसारा सबव्हीआयमध्ये, म्हणजे व्हीआयमधून वापरलेल्या दुसऱ्या व्हीआयमध्ये, ढकलला की डायग्राम छान दिसतो. ग्लोबल मात्र आत तसेच असतात.)

तपासणीसाठी प्रकल्प देताना पूर्ण फोल्डर, व्हर्जनचा नंबर आणि बिघाडाच्या वेळची लॉग फाइल द्या. देण्याआधी नव्या व्हर्जनमध्ये उघडून सेव्ह मात्र करू नका. तशी व्हीआय जुन्या लॅबव्ह्यूत थेट उघडत नाही.