बॅकअपचा डेटाबेस हाताने एडिट करू नका, का ते समजायला जरा मागं जावं लागेल

2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी 45), सांगलीत तळमजल्यावरची कितीतरी ऑफिसं पाण्यात होती. त्यानंतर इथं बऱ्याच जणांनी क्लाउड बॅकअप लावला, आणि त्यासोबत बॅकअपच्या नोंदींची एक छोटी डेटाबेस फाइल पीसीवर आली जिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

पूर्वी ही भानगड नव्हती. 1979 च्या युनिक्समध्ये टार नावाचं टूल आलं, फाइली एकामागोमाग टेपवर लिहायच्या, बास. एक फाइल परत पाहिजे तर टेप सुरुवातीपासून वाचत बसा. म्हणून मग कुठली फाइल कुठल्या टेपवर याची नोंद वेगळी ठेवायला लागले. बॅक्युला हे बॅकअप सॉफ्टवेअर 2002 ला बाहेर आलं, त्यात ही नोंद, म्हणजे कॅटलॉग, सरळ एसक्यूएल डेटाबेसमध्येच असते. आणि ती बिघडली तर टेप वाचून पुन्हा उभी करायला बीस्कॅन नावाचं टूल सोबत दिलंय.

पुढं डीडुप्लिकेशन आलं आणि खरी गुंतागुंत इथं झाली. डुप्लिकाटीसारखं सॉफ्टवेअर फाइलचे तुकडे करतं, तोच तुकडा दहा व्हर्जनमध्ये असला तरी एकदाच साठवतं, असे तुकडे साधारण 50 एमबीच्या गठ्ठ्यात बांधून क्लाउडवर पाठवतं आणि कुठला तुकडा कुठल्या गठ्ठ्यात ते पीसीवरच्या त्या छोट्या डेटाबेस फाइलमध्ये (एसक्यूलाइट) लिहितं. हरिपूरच्या हळदीच्या पेवांसारखं (जमिनीखालची कोठारं) समजा, माल पेवात आणि हिशेब वहीत, वहीतली ओळ खोडली म्हणून पेवातलं पोतं हलत नाही.

आमच्या ओळखीच्या एका ऑफिसात नेमकं हेच झालं. क्लाउडची जागा भरली म्हणून तिथल्या पोराने डीबी ब्राउझर या डेटाबेस उघडायच्या प्रोग्राममध्ये ती फाइल उघडली आणि रिमोटव्हॉल्यूम टेबलातल्या (क्लाउडवरच्या गठ्ठ्यांची यादी) जुन्या ओळी डिलीट केल्या, त्याला वाटलं जागा मोकळी होईल. डेटाबेसने निमूट मान्य केलं, त्याला फक्त टेबलं कळतात, क्लाउडवर काय आहे ते कळत नाही. पुढच्या बॅकअपला एरर आली, क्लाउडवर अशा फाइली आहेत ज्यांची नोंदच नाही. तो घाबरला, तीन महिन्यांपूर्वीची डेटाबेसची कॉपी परत ठेवली आणि सॉफ्टवेअरमधलं रिपेअर, म्हणजे दुरुस्तीचं बटण, दाबलं. जुन्या आवृत्त्यांत रिपेअर डेटाबेसलाच खरं धरायचं, त्यामुळे त्या कॉपीत नसलेल्या, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सगळ्या फाइली क्लाउडवरून उडाल्या. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं हो.

जागा करायची तर किती व्हर्जन ठेवायच्या ती सेटिंग आहे, डिलीट कमांड आहे, त्या वही आणि माल दोन्हीकडे एकदम हात लावतात. डेटाबेस बिघडलाच तर तो बाजूला काढून ठेवा, पुसू नका, आणि रिक्रिएट लावा, क्लाउडवरच्या इंडेक्स फाइली वाचून तो नवीन बांधला जातो. त्या ऑफिसात शेवटी हेच केलं, रात्रभर चाललं, त्या तीन महिन्यांच्या आधीचं सगळं परत आलं.