पावणेदोन मिलिमीटरची गोष्ट

जूनमध्ये पाऊस लागला की फोंड्याची मैदानं चिखलात जातात आणि आमच्या बल्कांवात मॉडेल विमानांची बांधणी सुरू होते. यंदा भाचीने पंख आणि धड नेटकं जोडलं. शेपटी मात्र ‘एवढीशी तर आहे’ म्हणत लगेच चिकटवायला निघाली. मी तिला थांबवलं.

शेपटीचा उभा भाग, म्हणजे फिन, बाणाच्या पिसांचं काम करतो. नाक बाजूला वळलं की वारा फिनवर आपटून ते परत सरळ करतो. आडवा भाग, म्हणजे स्टॅबिलायझर, हेच वर-खाली करतो. नाक वर गेलं की शेपटी खाली झुकते, तिला हवा खालून लागते, शेपटी उचलली जाते आणि नाक खाली येतं. त्यासाठी स्टॅबिलायझरचा कोन पंखापेक्षा थोडा कमी ठेवतात. 21 वर्षांच्या आल्फाँस पेनोने 1871 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या बागेत रबराच्या पिळावर विमान उडवलं, तेव्हा हीच युक्ती वापरली होती. ते 11 सेकंद आपलं आपण तोल सांभाळत उडालं.

आता हिशेब पाहा. स्टॅबिलायझर पुढून मागे 10 सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याची मागची कड पावणेदोन मिलिमीटर हलली की कोन 1 अंशाने बदलतो. शेपटी गुरुत्वमध्यापासून लांब, त्यामुळे तिथला हलका जोरही विमान फिरवतो. दार बिजागरीपाशी ढकलून पाहा आणि कडीपाशी ढकलून पाहा, म्हणजे कळेल.

वजनाचंही तसंच. शेपटी गुरुत्वमध्यापासून 60 सेंटिमीटरवर आणि नाक 20 वर असेल, तर शेपटीत सांडलेल्या 5 ग्रॅम गोंदासाठी नाकात 15 ग्रॅम शिसं भरावं लागतं.

शेपटी बसते तेवढ्या जागेवरची फिल्म, म्हणजे लाकडावर चढवलेलं पातळ आवरण, काढायची, कारण गोंदाला लाकूडच हवं. ब्लेडचा घाव बालसाच्या हलक्या लाकडात उतरला तर शेपटी उडताना तिथेच मोडते, म्हणून फिल्म गरम टोकाने कापावी. सुपरग्लू ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात तो घाईने धरतो, चुकलेलं सुधारायला वेळ देत नाही. मी इथे पांढरा गोंदच घेतो.

बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन नावाचं जुनं मोठं विमान उभं आहे. त्याला एका उंच फिनऐवजी तीन बुटक्या फिन आहेत, म्हणजे पृष्ठभाग पुरेसा राहतो आणि विमान कमी उंचीच्या हँगरमध्ये मावतं. भाचीला ते विमान फार आवडतं.

फिनला गुण्या लावला, 90 अंश बरोबर आले. मग पंखाच्या टोकापासून स्टॅबिलायझरच्या टोकापर्यंत दोरा धरला: डावीकडे 68.1 सेंटिमीटर, उजवीकडे 68.5. भाचीने काही न बोलता शेपटी किंचित फिरवली आणि दोरा पुन्हा ताणला.