ज्यूरीत कोण नको?

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम २७८ आता वकीलही उघडून पाहत नाहीत. ज्यूरीसाठी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळासाठी, पुकारलेल्या माणसावर कोणत्या कारणाने हरकत घेता येईल, ते त्यात सांगितले होते. पक्षपाताचा संशय, परकीय नागरिकत्व, २१ पेक्षा कमी किंवा ६० पेक्षा जास्त वय, कोर्टातली नोकरी, पोलिसाचे काम, पूर्वी झालेली शिक्षा ही कारणे अपेक्षितच आहेत. पण त्यांच्याच रांगेत आणखी एक बसले आहे: सवयीने किंवा धार्मिक व्रतामुळे ज्याने संसाराची सगळी चिंता सोडली आहे, असा माणूस. म्हणजे गोसावी, बैरागी, संन्यासी. ज्याला घरदारच नाही, तो दुसऱ्याच्या घरातल्या खुनाचा निवाडा कसा करणार, असा हिशेब असावा.

अपात्र असणे वेगळे आणि सूट मिळणे वेगळे. सूट मिळणाऱ्यांची यादी कलम ३२० मध्ये होती. न्यायाधीश, कलेक्टर, वकील, नियमित व्यवसाय करणारे डॉक्टर, पोस्ट आणि तार खात्यातले नोकर, प्रत्यक्ष पौरोहित्य करणारे, सैन्यातले लोक यांना बोलावणे येत नसे. बायका दोन्ही याद्यांत नाहीत. त्यांना वगळण्याचे कष्टच घ्यावे लागले नाहीत, कारण कोण पात्र हे सांगणाऱ्या कलमाची सुरुवातच ‘पुरुष’ या शब्दाने होते.

त्याआधीची वगळावगळ तर उघड धर्मावर होती. १८२६ च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता, मद्रास इथल्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टांत हिंदी (म्हणजे भारतीय) लोकांना ज्यूरीवर बसायची मुभा दिली, पण ख्रिस्ती आरोपीचा खटला असेल तर ज्यूरी ख्रिस्तीच हवी. खटला चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्यूरीवरही बिगरख्रिस्ती चालत नसत. हिंदू आरोपीचा न्याय मात्र ख्रिस्ती माणसाने करायला हरकत नव्हती! राममोहन रॉय यांनी याविरुद्ध विलायतेपर्यंत दाद मागितली. मुंबईत या हक्कासाठी झटणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव घेतले जाते. १८३२ मध्ये हे निर्बंध उठले.

धर्माची अट गेली, भाषेची राहिली, आणि तीही अर्धवट. साक्षीपुराव्याची भाषा न समजणारा ज्यूरर हरकतीस पात्र होता. मात्र पुराव्याचे भाषांतर होत असेल, तर भाषांतराची भाषा समजली की पुरे. या ‘मात्र’ने काय केले, ते ‘केसरी’वरच्या राजद्रोहाच्या दोन खटल्यांत दिसते. १८९७ मध्ये टिळकांसमोरच्या नऊ जणांत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. निकालही सहा विरुद्ध तीन. १९०८ मध्ये सात युरोपियन आणि दोन पारशी होते, निकाल सात विरुद्ध दोन. मराठी अग्रलेखातल्या शब्दाचा रोख इंग्रजी तर्जुम्यावरून ठरत होता. टिळकांनी स्वतः दिवसचे दिवस उभे राहून त्या तर्जुम्यातल्या चुका दाखवल्या, पण ‘मराठी येत नाही’ म्हणून कुणाला ज्यूरीतून उठवण्याची सोय कायद्यात नव्हती.

हायकोर्टात सरकार आणि आरोपी, दोघांनाही कारण न देता आठ जणांना नाकारता येत असे. पण ज्या यादीतून नावे काढायची तीच युरोपियनांनी भरलेली असेल, तर एक नाकारून त्याच्या जागी येणारा दुसरा फारसा वेगळा नसे. खरा प्रश्न हरकतीचा नव्हता, यादीचा होता.

१९५९ च्या नानावटी खटल्यात (नौदल अधिकारी नानावटींवर पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप होता) वेगळीच पंचाईत झाली. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटले, न्यायाधीशांना ते पटले नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. हायकोर्टाने नानावटींना दोषी ठरवले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पक्षपाती माणसाला बाहेर काढता येते. अख्खे शहरच वर्तमानपत्रे वाचून आरोपीच्या बाजूचे झाले असेल, तर त्याला कोणते कलम लावणार? ज्यूरी मात्र त्या खटल्याने लगेच संपली नाही. १९७३ ची नवी संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, तेव्हा ती फौजदारी कायद्यातून गेली.

एका कोपऱ्यात ती उरली आहे. पारशी विवाह-घटस्फोटाच्या दाव्यात मुंबई हायकोर्टात न्यायाधीशाच्या जोडीला समाजातले ‘डेलिगेट’ बसतात, पूर्वी सात, १९८८ च्या दुरुस्तीनंतर पाच. त्यांची नेमणूक दहा वर्षांची असते. ती मधेच संपवणाऱ्या कारणांत दिवाळखोरी आहे, गुन्ह्याची शिक्षा आहे आणि ‘पारशी न राहणे’ही आहे.