फ्लो कंट्रोलर (खिडक्यांची सफाई)

जमिनीवर उभे राहून लांब पोलने खिडक्या धुताना ब्रशपर्यंत किती पाणी जावे, हे ठरवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण. पंपाचा वेग कमी-जास्त करणे, तोटी बंद झाली की पंप थांबवणे आणि बॅटरी फार उतरू न देणे ही त्याची कामे. ब्रिटनमध्ये खिडक्या धुणारे लोक ठरलेल्या गिऱ्हाइकांकडे दर काही आठवड्यांनी फेरी मारतात. त्यांच्या व्हॅनमध्ये हे उपकरण सर्रास दिसते. उंचीवरचे काम टाळता येत असेल तर टाळा, असे तिथले 2005 चे नियम सांगतात. शिडी मागे पडून पोल पुढे येण्यामागे हेही एक कारण आहे.

व्हॅनमधल्या टाकीत आरओ आणि क्षार शोषणाऱ्या रेझिनमधून काढलेले, जवळजवळ क्षारमुक्त पाणी असते. आपल्याकडे घरी फिल्टर विकायला आलेला माणूस ग्लासात जो टीडीएस मीटर बुडवतो, त्यानेच हे पाणी तपासतात. क्षार नसल्याने काच न पुसताच डागांशिवाय वाळते. लंडनसारख्या जड पाण्याच्या शहरात असे पाणी तयार करायला वेळ लागतो आणि रेझिनही लवकर संपते, म्हणून ते जपून वापरावे लागते. नेहमीचा 12 व्होल्टचा डायफ्रॅम पंप मिनिटाला सुमारे 5 लिटर पाणी देऊ शकतो, पण साध्या घराला 2 लिटर पुरते. 400 लिटरची टाकी मिनिटाला 2 लिटरने 3 तास 20 मिनिटे चालते; 4 लिटरने त्याच्या निम्मी.

पूर्वी पंप पूर्ण वेगाने चालवून तोटी अर्धवट पिळत. मग दाब वाढून पंपाचा प्रेशर स्विच सारखा टकटक चालू-बंद होई. कंट्रोलर पंपाची वीज सेकंदात कितीतरी वेळा तोडतो आणि जोडतो. तोडलेला वेळ जितका जास्त, तितकी मोटर हळू.

एक गोष्ट नवख्यांच्या लवकर लक्षात येत नाही: साधा कंट्रोलर पाणी मोजत नाही. तो मोजतो मोटर ओढत असलेला करंट. पडद्यावरचा 45 हा आकडा म्हणजे लिटर नव्हेत, वेगाची पायरी आहे. पोलजवळची तोटी बंद केली की नळीत दाब चढतो, मोटरवर ताण येतो, करंट वाढतो. त्यावरून कंट्रोलर 'डेड एंड' ठरवून पंप थांबवतो. करंट किती वाढला की तोटी बंद समजायची, ही रेषा ठरवणे म्हणजे कॅलिब्रेशन. रेषा फार खाली असेल, तर पाणी वाहत असतानाच पंप थांबतो. फार वर असेल, तर तोटी बंद असूनही पंप रेटत राहतो आणि शेवटी त्याला प्रेशर स्विचच थांबवतो.

म्हणून कॅलिब्रेशन स्वतःच्या नळीवर आणि रोजच्या वेगावर करावे, कारखान्याच्या आकड्यावर विसंबू नये. 100 मीटर लांब आणि आतून 6 मिलिमीटर नळीत घर्षण 8 मिलिमीटर नळीपेक्षा कितीतरी जास्त असते. पोल 10 मीटर वर गेला की आणखी सुमारे 1 बार दाब लागतो. थंडीचा फरक तर हमखास जाणवतो: 5 अंशांचे पाणी 20 अंशांच्या पाण्यापेक्षा जवळपास दीडपट घट्ट असते, रबरी डायफ्रॅमही कडक होतो. ऑगस्टमध्ये लावलेले यंत्र जानेवारीच्या सकाळी ब्रशमधून पाणी येत असतानाच 'डेड एंड' दाखवू लागते. पुष्कळदा लोक अशा वेळी पंप बदलतात. खरे तर कॅलिब्रेशनचा आकडा थोडा वाढवला की भागते.

उलट फसगतही होते. पंपाच्या आधीच्या जोडात हवा शिरली की मोटर हलकी फिरते, करंट कमी राहतो आणि कंट्रोलरला सगळे ठीक वाटते, पाणी मात्र येत नाही. तेव्हा आकडे दाबत बसण्यापेक्षा क्लिप आवळाव्यात आणि टाकीकडची जाळी धुवावी.

बॅटरीबाबतही तोच प्रकार. कंट्रोलर आपल्या टोकांशी पोचलेला व्होल्टेज वाचतो. वायर बारीक आणि लांब असेल, तर पंप जोरात चालताना व्होल्टेज वाटेतच घसरतो, आणि रात्रभर चार्ज केलेली बॅटरी कंट्रोलर संपलेली समजून पंप बंद करतो. अशा वेळी जाड वायर टाकावी आणि फ्यूज बॅटरीजवळ बसवावा.