स्मार्ट शासन

सरकारी खात्यांकडील नोंदी एकमेकींशी जोडून त्यांच्या आधारे निर्णय घेण्याची आणि नागरिकांना सेवा देण्याची कारभारपद्धती. ई-शासन ही तिची आधीची पायरी. अर्ज संकेतस्थळावर भरता आला, दाखला छापून मिळाला, की ई-शासन झाले. मात्र त्या अर्जाला जोडायचा दुसऱ्या खात्याचा दाखला नागरिकानेच मिळवून आणायचा असेल, तर अशा कारभाराला स्मार्ट म्हणणे कठीण. एस्टोनियाने 2001 पासून ‘एक्स-रोड’ या प्रणालीने खात्यांचे माहितीसाठे जोडले. नागरिकाने एकदा दिलेली माहिती पुन्हा मागायची नाही, हे तिथले धोरण.

भारतात 1976 साली राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र (एनआयसी) ही सरकारी खात्यांना संगणकसेवा पुरवणारी संस्था स्थापन झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याने (2000) डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता मिळाली. पुढे राष्ट्रीय ई-शासन योजना (2006) आणि डिजिटल इंडिया (2015) आली. आधारची सुरुवात सप्टेंबर 2010 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावातून झाली.

महाराष्ट्रात या पद्धतीची खरी कसोटी लागली ती सातबाऱ्यावर. गाव नमुना 7 (अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीवर कोणाचा हक्क आहे याची नोंद) आणि गाव नमुना 12 (पिकांची नोंद) मिळून हा उतारा होतो. मालक बदलला की नमुना 6 मध्ये फेरफार नोंदवायचा, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकती ऐकायच्या आणि मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची, हा क्रम जुनाच आहे. हस्तलिखित उतारे संगणकात भरताना कुठे क्षेत्राचा मेळ बसेना, कुठे खातेदाराचे नाव गळाले. त्यामुळे दुरुस्तीची मोठी मोहीम घ्यावी लागली. 2017 मध्ये चावडी वाचन झाले: संगणकातले सातबारे गावकऱ्यांसमोर वाचून दाखवले आणि त्यांच्याकडून चुका काढून घेतल्या. एवढ्या मोठ्या माहितीसाठ्याची तपासणी शेवटी गावाच्या आठवणीवर सोपवावी लागली, ही या प्रकल्पातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणावी लागेल.

1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचे वितरण सुरू झाले. 15 रुपये भरून तो घरबसल्या मिळतो. त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची माहिती ई-फेरफार प्रणालीत पोचते. तरी नाव लगेच चढत नाही, कारण हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत कायद्यानेच ठेवली आहे. ती कापून वेग वाढवला, तर गैरहजर वारसाचा हक्क बुडेल.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र काढतो आणि नोंद करतो. पूर्वी तलाठ्याने एका जागी बसून अख्ख्या गावाची पाहणी लिहिल्याच्या तक्रारी असत; त्यावर हा इलाज चांगला आहे. पण सरकारचे काम त्यामुळे शेतकऱ्याच्या खांद्यावर आले, हेही खरे. शिवारात रेंज नसली किंवा घरात स्मार्टफोन नसला, तर नोंद राहते. आणि शासकीय खरेदी, पीकविमा, नुकसानभरपाई यांसाठी हीच नोंद बघितली जाते. अशांसाठी सहायकांमार्फत नोंद करण्याची सोय ठेवावी लागली.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम (2015) या सर्वांत कमी चर्चेत असतो, पण तंत्राला धाक त्याचाच आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही, तर नागरिकाला खात्यातच दोन अपिले करता येतात आणि तिसरे थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे नेता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ या सेवांच्या संकेतस्थळावर अर्जाची तारीख आपोआप उमटते, त्यामुळे मुदत कधी संपली यावर वाद घालायला जागा उरत नाही.

डिजिटल स्वाक्षरी असली म्हणजे आतली नोंद बरोबरच असते, असे मात्र नाही. सही झाल्यावर उताऱ्यात फेरबदल झालेला नाही, एवढीच तिची हमी. मुळात चुकलेले नाव किंवा क्षेत्र सुधारायचे, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो, आणि त्याला जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल जोडावी लागते.