सावध प्रतीक्षा : क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियामधील

रक्ताच्या कर्करोगाचे निदान पक्के झाल्यावरही औषध सुरू न करता ठरावीक काळाने तपासणी करत राहण्याच्या पद्धतीस सावध प्रतीक्षा म्हणतात. फॉलिक्युलर लिम्फोमा, स्मोल्डरिंग मायलोमा अशा मंदगती आजारांतही ती पाळली जाते. तिचा पुरावा मात्र विशेष भक्कम आहे तो क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात, म्हणजे सीएलएलमध्ये. पाश्चात्त्य देशांत प्रौढांना सर्वाधिक होणारा हा ल्युकेमिया भारतात बराच दुर्मीळ आहे. त्यामुळे ‘कॅन्सर आहे, पण तूर्त औषध नाही’ हे डॉक्टरांचे बोलणे घरच्यांच्या गळी उतरणे कठीण जाते.

आजार बहुधा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीत, सापडतो. एकाच मूळ पेशीपासून वाढलेल्या बी-लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी दर मायक्रोलिटर रक्तात 5,000 किंवा अधिक आणि निदान 3 महिने टिकून असतील, तर सीएलएल म्हणतात. हाताच्या शिरेतून घेतलेल्या रक्ताची फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखणारी चाचणी, त्यासाठी बहुतेकदा पुरते. रुग्णाला त्या वेळी कसलाच त्रास नसणे, ही नेहमीची गोष्ट आहे.

मूळचे जोधपूरचे आणि अमेरिकेत काम केलेले कांती राय यांनी 1975 मध्ये या आजाराच्या पायऱ्या मांडल्या. आधी रक्तात पेशी साचतात, मग लसीका ग्रंथींच्या गाठी होतात, पाणथरी (प्लीहा) वाढते, आणि पुढे हिमोग्लोबिन व प्लेटलेट घसरतात. पहिल्या पायरीवरचे अनेक जण वर्षानुवर्षे तिथेच राहतात. मग त्यांना लवकर औषध दिले तर? फ्रान्समधील दोन चाचण्यांत प्राथमिक अवस्थेतील 1,535 रुग्णांवर हाच प्रश्न तपासला गेला. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की क्लोरॅम्ब्युसिल हे केमोथेरपीचे जुने औषध लगेच सुरू केल्याने आयुष्य वाढले नाही. पहिल्या चाचणीत औषध न दिलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा आजार 11 वर्षांनंतरही पुढे सरकला नव्हता आणि त्यांना उपचारही लागले नव्हते. अर्थात, आजार सर्वांच्याच बाबतीत निरुपद्रवी ठरला असे नाही. काहींचा मृत्यू त्याच्याशी निगडित कारणांनी झाला. इब्रुटिनिबसारखी नवी गोळी लवकर देऊनही जगण्याचा काळ वाढल्याचे दिसलेले नाही. थांबण्यामागे हा पुरावा आहे. त्याला हयगय समजणे चूक आहे.

कोणाचा आजार पुढे सरकेल याचा काही अंदाज जनुकांवरून येतो. पेशींमधील आयजीएचव्ही या प्रतिपिंडे घडवणाऱ्या जनुकात उत्परिवर्तन असेल तर वाटचाल सहसा संथ असते. 1999 मध्ये दोन गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवले. त्यांतील न्यूयॉर्कच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक राजेंद्र दामले होते.

रुग्णाला सर्वांत जास्त छळतो तो रिपोर्टवरचा पांढऱ्या पेशींचा आकडा. तो 20,000 वरून 40,000 झाला की घरात झोप उडते. पण नुसता आकडा मोठा आहे म्हणून उपचार सुरू करत नाहीत. हिमोग्लोबिन 10 च्या खाली किंवा प्लेटलेट 1 लाखाच्या खाली जाणे, पाणथरी किंवा गाठी फार वाढणे, सहा महिन्यांत वजन दहा टक्के घटणे, संसर्ग नसताना दोन आठवडे ताप राहणे, महिनाभर रात्री घामाने भिजणे, अशी कारणे पाहिली जातात. लिम्फोसाइट सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाले तर त्यालाही महत्त्व आहे. मात्र मूळचा आकडा 30,000 पेक्षा कमी असेल तर केवळ तेवढ्यावर निर्णय घेत नाहीत.

पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी, आजार स्थिर राहिल्यास सहा ते बारा महिन्यांनी भेट ठरते. त्रास नसताना दर वेळी सीटी स्कॅन लागत नाही. तपासणीच्या आधीचे आठ दिवस मात्र कठीण जातात, आणि घरच्यांनी हे ओळखून वागायला हवे. ‘तू तर ठणठणीत दिसतोस’ हे प्रेमाने म्हटलेले वाक्यही रुग्णाला एकटे पाडते, कारण थकवा डोळ्यांना दिसत नाही.

औषध नसले तरी काळजी घ्यावीच लागते. प्रतिपिंडे कमी बनत असल्याने न्यूमोनिया आणि नागीण यांचा धोका वाढतो. म्हणून फ्लू, न्यूमोकोकस आणि नागिणीची निर्जीव लस घ्यावी, जिवंत विषाणूंच्या लशी टाळाव्यात. डास चावल्यावर कातडी फार सुजणे हेही या आजारात आढळते. वर्षानुवर्षे शिबिरांत रक्तदान केलेल्याला ते थांबवावे लागते, आणि अनेकांना याचेच वाईट वाटते. मोकळ्या हातांनी बसवत नाही म्हणून प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे घरात येतात. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतील यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत, तेव्हा असे काही घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

साधारण एक तृतीयांश रुग्णांना आयुष्यभर उपचार लागत नाहीत. इतरांच्या बाबतीत प्रतीक्षा संपते तेव्हा 17व्या गुणसूत्राचा तुकडा गळाला आहे का आणि टीपी53 जनुक बिघडले आहे का, हे आधी तपासतात. तसे असल्यास जुनी केमोथेरपी फारशी लागू पडत नाही, आणि इब्रुटिनिबच्या गटातील किंवा व्हेनेटोक्लॅक्ससारख्या गोळ्यांचा विचार केला जातो.