बंद डिझेल इंजिन ओढताना नेमकं काय ओढलं जातं?

बंद पडलेलं डिझेल इंजिन दुसऱ्या गाडीला जोडून शेडकडे नेतात, त्याला रेल्वेच्या बोलीत 'डेड लोको' म्हणतात. चालू असताना त्यातलं डिझेल यंत्र वीज बनवतं आणि त्या विजेवर मोटरी चाकं फिरवतात. बंद पडल्यावर डिझेल थंडावलेलं असतं, पण खाली बोगीत, म्हणजे चाकं बसवलेल्या चौकटीत, या मोटरी फिरतच असतात, कारण त्या दात्यांनी चाकांना कायमच्या जोडलेल्या असतात.

या जोडणीचं मूळ ट्रॅमगाडीत आहे. १८८८ साली फ्रँक स्प्रेग यांनी अमेरिकेतल्या रिचमंडमध्ये विजेच्या ट्रॅम धाववल्या. त्यांनी मोटरीची एक बाजू आसावर टेकवली आणि दुसरी स्प्रिंगच्या आधाराने चौकटीला टांगली. रूळ कितीही हादरवोत, दात्यात दाता बसलेला राहतो. ही सोय पुढे बहुतेक डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनांत आली. क्लच तिच्यात नव्हताच. वाफेच्या इंजिनाचे मुख्य दांडे लांबच्या प्रवासाआधी काढून ठेवता येत. इथे पिनियन, म्हणजे मोटरीचं छोटं दातेरी चाक, काढणं हे शेडचंच काम. आपल्याकडे १९६२ पासून आलेल्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनात दात्यांचं प्रमाण ६५:१८ होतं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटरीचे साडेतीनहून जास्त फेरे. अशा मोटरी सहा.

'मोटर उलटी वीज करते म्हणून इंजिन जड जातं' हा समज मात्र चुकीचा. सर्किट तुटलेलं असतं, प्रवाहच वाहत नाही. उरतं ते ब्रश (मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, त्याला घासणारे तुकडे), बेअरिंग, दाते आणि आतली हवा यांचं घर्षण.

ते मोजायचं कसं? जनरल इलेक्ट्रिकच्या डब्ल्यू. जे. डेव्हिस यांनी १९२६ साली विद्युत इंजिनं आणि डबे यांच्या रोलिंग रेझिस्टन्सचं, म्हणजे रुळावर धावताना होणाऱ्या विरोधाचं, सूत्र मांडलं. ते आजही सुधारून वापरतात. त्यात आसावरचं वजन, वेग आणि हवेचा विरोध येतो. दाते आणि मोटरीतला तोटा मात्र मोटरीच्या कार्यक्षमतेच्या हिशोबात धरायची रीत होती. चालू इंजिनाला ते ठीक आहे. इंजिन बंद असलं की तो तोटा पुढच्या इंजिनाच्या माथी येतो आणि सूत्रात दिसत नाही.

११२.८ टनांच्या डब्ल्यूडीएम-२ ला या सूत्राने रांगत्या चालीला टनामागे सुमारे १.३५ किलो, एकूण दीडशे किलोच्या आसपास ओढ लागते. त्यात मोटरींचं घर्षण मिळवा. हेच इंजिन कर्जतहून खंडाळ्याच्या १:३७ चढावर (३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर) न्यायचं, तर नुसत्या चढासाठीच तीन टनांहून जास्त ओढ हवी. तिथे दात्यांची कुरकुर कोण मोजतो!